औषध पानाला की अंगाला?



पोळा झाला. बैलांच्या शिंगांचा रंग अजून ताजा आहे, आणि आपल्या परभणी जिल्ह्यात जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत ज्या शेतात पाहावे तिथे पाठीवर पंप घेतलेला माणूस पऱ्हाटीतून चालताना दिसतो आहे. पाऊस थोडा उघडला की मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांची धाड पडते आणि घरोघरी एकच बोलणे चालते, ‘आज कोणते मारायचे?’ अशा दिवसांत मानवत तालुक्यातल्या एका ताईंचे पत्र आले. ते वाचून ठरवले की या आठवड्याचे पान त्यांच्या प्रश्नाला द्यायचे.

ताईंच्या घरी चार एकर कोरडवाहू कापूस आहे. बाजाराच्या गावी प्रदर्शनात त्यांच्या मालकांनी एक नवा पंप पाहिला. विकणाऱ्याने सांगितले, हा विजेच्या भाराचा पंप आहे, थेंब पानाला आपोआप ओढला जातो, औषध निम्मे लागते आणि अंगावर काही येतच नाही. मालकांचे मन बसले. पैसे मात्र घरात आहेत ते ताईंनी म्हशीच्या दुधातून दोन वर्षे बाजूला टाकलेले. मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी ते ठेवले होते. मागच्या वर्षी फवारणी करून आल्यावर मालकांना रात्रभर ओकाऱ्या झाल्या. म्हणून ताई कोड्यात पडल्या आहेत. अंगावर खरेच येणार नसेल तर पैसे देऊन टाकावे असे त्यांना वाटते. आणि ते खोटे असेल तर पैसेही गेले आणि माणूसही धोक्यात.

ताई, प्रश्न तुमच्या एकट्या घराचा नाही. म्हणून सगळ्यांना समजेल असे सुरुवातीपासून सांगतो.

आधी एक घरचाच प्रयोग. हिवाळ्यातल्या कोरड्या दिवशी प्लास्टिकचा कंगवा कोरड्या केसांतून दहा-पंधरा वेळा फिरवा आणि कागदाच्या बारीक कपट्यांजवळ न्या. कपटे उडी मारून कंगव्याला चिकटतात. आता नळाची तोटी अगदी थोडी सोडा, सुतळीएवढी धार पडू द्या. नळ नसेल तर जुन्या डब्याच्या बुडाला खिळ्याने भोक पाडून धार करा. घासलेला कंगवा धारेजवळ न्या, पण धारेला लावू नका. पाण्याची धार कंगव्याकडे वाकते. मुलांना हे दाखवा, त्यांना फार मौज वाटेल. नायलॉनची साडी अंगावरून काढताना थंडीत चटचट आवाज येतो, तीही हीच वीज. तारेतून वाहते ती वाहती वीज. ही एका जागी साचून राहते, म्हणून तिला स्थिर वीज म्हणतात.

हीच युक्ती कारखानदारांनी शेतकऱ्याच्या कितीतरी आधी उचलली. अलीकडचे लोखंडी कपाट, पंख्याची पाती, सायकलची चौकट यांवरचा रंग पुष्कळदा ब्रशने लावलेला नसतो. रंगाची कोरडी पूड विजेचा भार देऊन बंदुकीसारख्या नळीतून उडवतात आणि लोखंडाला जमिनीशी तारेने जोडून ठेवतात. भारलेली पूड लोखंडाकडे ओढली जाते, कडेवरून वळसा घेऊन मागच्या बाजूलाही बसते. मग ती वस्तू भट्टीत १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजली की पूड वितळून सगळीकडे सारखा रंग होतो. तुमच्या घरी असे कपाट असेल तर आज त्याचे दार उघडून आतले कोपरे नीट पाहा. सपाट भागावर रंग दाट दिसेल, पण खोल कोपऱ्यात पुष्कळदा पातळ असतो. हा कोपरा लक्षात ठेवा. पुढे पऱ्हाटीच्या शेतात आपल्याला त्याची गरज पडणार आहे.

आता शेतात येऊ. आपल्या साध्या पंपाच्या नोझलमधून पडणारा थेंब साधारण दोनशे मायक्रॉनच्या आसपास असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तो थेंब जड, पानाच्या वरच्या अंगावर पडतो, शेजारच्या थेंबाला मिळतो आणि घरंगळून मातीत जातो. पांढरी माशी आणि तुडतुडे मात्र बसतात पानाच्या पाठीवर, म्हणजे खालच्या बाजूला. आपण वरून पाऊस पाडतो आणि कीड छत्रीखाली बसलेली असते.

दोनशे मायक्रॉनचा एक थेंब फोडून पन्नास मायक्रॉनचे थेंब केले तर किती होतात? चार नव्हे, चौसष्ट. चार चोक सोळा, सोळा चोक चौसष्ट, कारण थेंब लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही बाजूंनी लहान होतो. तेवढ्याच औषधात चौसष्ट जागी पोहोचता येते. पण इतका बारीक थेंब धुक्यासारखा असतो, वाऱ्यावर भरकटतो. म्हणून त्याला विजेचा भार द्यायचा. नोझलच्या तोंडाशी एक लहान कडी बसवतात. तिच्यावर हजार व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कितीतरी जास्त दाब असतो, पण प्रवाह अगदीच थोडा. तिच्याजवळून निघालेला प्रत्येक थेंब भारलेला असतो. सगळ्यांवर एकाच जातीचा भार, म्हणून थेंब एकमेकांना ढकलतात, एकत्र गोळा होत नाहीत, फवारा चांगला पसरतो.

आणि पानाने तो का ओढून घ्यावा? झाडाची मुळे ओल्या जमिनीत असतात, झाडात रस असतो, म्हणून झाड आणि जमीन यांच्यात विजेला वाट असते. भारलेला थेंब पानाजवळ आला की उलट जातीचा भार जमिनीतून झाडावाटे पानाच्या कडेपर्यंत येतो. पाहुणा वेशीत दिसला की घरातली माणसे दारात येऊन उभी राहतात, तसे समजा. मग थेंब पानाकडे ओढला जातो आणि काही थेंब वळसा घेऊन पानाच्या पाठीलाही चिकटतात. पिकासाठी सगळा फायदा आहे तो या वळशात आहे.

यात जादू नाही आणि फसवणूकही नाही. शास्त्र खरे आहे. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठातले एडवर्ड लॉ यांनी १९७० च्या दशकात हवेच्या जोराबरोबर भारलेला फवारा सोडणारे नोझल बनवले आणि पुढे काही पिकांत कमी औषधात तेवढाच परिणाम मिळाल्याचे दिसून आले. त्याच सुमारास इंग्लंडच्या आयसीआय या कंपनीतले रॉन कॉफी यांनी ‘इलेक्ट्रोडाइन’ नावाचे हातातले यंत्र केले. ते टॉर्चच्या सेलवर चाले, त्यात पाणी लागत नसे आणि हलणारा एक भागही नव्हता. आफ्रिकेतल्या कापूस उत्पादकांसाठी ते मोठे सोयीचे वाटले, कारण तिथेही आपल्यासारखीच पाणी वाहून आणण्याची पंचाईत. आपल्या देशात चंडीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेने असे फवारणी यंत्र विकसित केले आहे. २०२० च्या करोनाच्या साथीत तेच तंत्र जंतुनाशक फवारण्यासाठी पुढे आले आणि नागपूरच्या एका कंपनीलाही देण्यात आले. नाशिक भागातल्या काही द्राक्ष बागायतदारांनी ट्रॅक्टरला जोडायची अशी यंत्रे घेतली आहेत.

मग प्रश्न उरतो तो असा. ट्रॅक्टरच्या पंख्याचा जोर मागे असताना द्राक्षाच्या मांडवात जे साधते, ते पाठीवरच्या पंपाने चार एकर पऱ्हाटीत साधेल का? इथे मात्र सावकाश चालले पाहिजे.

पहिली अडचण त्या कपाटाच्या कोपऱ्याची. भारलेला थेंब त्याला जे पहिले भेटेल त्यालाच चिकटतो. पऱ्हाटी कमरेच्या वर गेली, ओळी एकमेकींत मिळाल्या, की बाहेरची पाने थेंब पकडून ठेवतात आणि आतल्या, खालच्या पानांपर्यंत फार थोडे पोहोचते. पंख्याच्या हवेचा जोर असेल तर तो थेंबांना आत ढकलतो. नुसत्या विजेला ते जमत नाही. इलेक्ट्रोडाइनला हीच अडचण आली, थेंब वरच्या पानांवरच अडकत. शिवाय त्याला खास तेलातले औषध लागे, ते त्याच्याच बाटलीत मिळे, बाजारातले दुसरे चालत नसे. ते यंत्र पुढे मागे पडले. नवे यंत्र घेताना शेतकऱ्याने एवढे तरी शिकावे की सुटा भाग आणि औषध एकाच दुकानात मिळणारे असेल तर आपली दोरी त्या दुकानदाराच्या हातात जाते.

दुसरी अडचण हवेची. कंगव्याचा प्रयोग मी तुम्हाला हिवाळ्यात करायला सांगितला, भाद्रपदात नाही. दमट हवेत भार टिकत नाही, गळून जातो. नोझलच्या तोंडाशी पाणी किंवा औषधाचा थर साचला तरी तेच होते. यंत्र चालू असते, दिवा लागलेला असतो, थेंब पडत असतात, पण त्यांवर भार नसतो. म्हणजे पैसे नव्या पंपाचे आणि काम जुन्या पंपाचे.

तिसरी अडचण वाऱ्याची. विजेची ओढ पानापासून काही बोटांच्या अंतरावरच कामाची. त्याआधीच वाऱ्याने थेंब उचलला तर भार काही करू शकत नाही. बारीक थेंब दुपारच्या उन्हात वाटेतच सुकतो, ते वेगळेच.

चौथी गोष्ट किडीची. गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की तिथे भारलेला थेंबही पोहोचत नाही आणि बिनभारलेलाही नाही. तिच्यासाठी कामगंध सापळे लावून पाळत ठेवायची. सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग दिसले की वेळ आली असे समजायचे. चांगला पंप घेतला म्हणून पाळत सुटत नाही.

आता पाचवी आणि सर्वांत मोठी गोष्ट, ताईंच्या पत्रातली. अंगावर येतच नाही, हे खरे का?

बंधूंनो, थेंबाला पऱ्हाटी आणि माणूस यांतला फरक कळत नाही. झाड जमिनीत उभे असते, माणूस जमिनीवर उभा असतो. घामाने भिजलेला सदरा, ओले हात आणि चिखलातले अनवाणी पाय असले की भारलेल्या थेंबाच्या दृष्टीने तोही एक झाडच झाला, आणि तो सगळ्यांत जवळ असतो. पानाच्या पाठीला जाणारा थेंब माणसाच्या पाठीलाही जाऊ शकतो. वाऱ्याने फवारा उलट आणला तर साध्या थेंबापेक्षा भारलेला थेंब अंगाला जास्त चिकटेल. आणि तो बारीक असल्यामुळे श्वासाबरोबर आतही लवकर जाईल.

शिवाय यंत्रातून एका जातीचा भार थेंबांबरोबर बाहेर जातो, तेव्हा तेवढाच उलट जातीचा भार यंत्रात मागे उरतो. त्याला जमिनीत जायला वाट हवी. पूर्वी पेट्रोलच्या टँकरच्या मागे जमिनीला घासत जाणारी साखळी असायची ती आठवा. साचलेला भार जमिनीत उतरावा, ठिणगी पडू नये म्हणून ती असे. पाठीवरच्या भाराच्या पंपालाही अशी जमिनीला टेकणारी तार किंवा साखळी लागते. ती नसली आणि पायांत रबरी बूट असले, तर उलट भार यंत्रावर आणि माणसावर साचतो. मग हाताला झटके बसतात आणि सोडलेले थेंब पानाऐवजी फिरून माणसाकडे येतात. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा, ‘याची अर्थिंगची तार कुठे आहे?’ तो गोंधळला तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

आणखी एक हिशोब घरात बसून करून ठेवा. आपल्याकडे ‘एका पंपाला किती’ अशी मोजायची सवय आहे. समजा, एखाद्या औषधाची मात्रा एकरी १०० मिली आहे. साध्या पंपाने एकराला २०० लिटर पाणी लागते, १५ लिटरची टाकी धरली तर तेरा-साडेतेरा टाक्या, म्हणजे एका टाकीला साडेसात मिली. आता नव्या पंपाने एकर ६० लिटरमध्ये झाला, म्हणजे चार टाक्या. सवयीने टाकीला साडेसातच मिली घातले तर एकराला पडले फक्त ३०. कीड मरणार नाही, आणि वाचलेल्यांची पुढची पिढी औषधाला सरावेल. मात्रा पुरी ठेवायची तर टाकीला २५ मिली लागेल. म्हणजे टाकीतले द्रावण साध्या पंपाच्या तिपटीहून जास्त जहाल झाले. त्याचा एक थेंब अंगावर पडला तर तो पूर्वीच्या तीन थेंबांसारखा. जिथे औषध आणि पाणी वाचते, तिथे माणसाची काळजी तिप्पट वाढते, हे विकणारा सांगत नाही. हा हिशोब मी केवळ समजण्यासाठी मांडला. प्रत्यक्षात डब्यावरच्या माहितीपत्रकात एकरी मात्रा आणि पाणी किती लिहिले आहे ते पाहा, आणि इतक्या कमी पाण्यात ते औषध चालते का हे कृषी विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारल्याखेरीज वापरू नका.

या बाबतीत मी इतका धास्तावलेला का, तेही सांगतो. मी शाळेत होतो तेव्हा आमचे थोरले बंधू बंडी घालून, उघड्या हातांनी कापसावर औषध मारत. पंप गळका होता, पाठ रोज ओली व्हायची. एका संध्याकाळी घरी आले ते भिंतीला धरून. तोंडातून लाळ, डोळ्यांपुढे अंधारी, हातपाय थरथर कापत. आईने दही दिले, कोणी लिंबू पिळले, कोणी कांदा हुंगवला. या सगळ्यात दोन तास गेले. मग बैलगाडीतून तालुक्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, औषध कोणते होते? कोणालाच सांगता येईना, डबा शेतात पडलेला. बंधू वाचले, पण त्या दोन तासांची आठवण आई शेवटपर्यंत काढत होती.

तुम्ही म्हणाल, जुनी गोष्ट आहे. तर २०१७ सालचा खरीप आठवा. यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती आणि फवारा तोंडासमोर उडत होता. त्या माणसांच्या हातात पंप होते, औषधे होती. अंगावर मात्र पुरते कपडे, तोंडाला नीट मुखवटा आणि हातांत मोजे पुष्कळांच्या नव्हते.

आता ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी इथे बसून देण्यापेक्षा तुम्हीच तुमच्या शेतात काढा. त्यासाठी लागते कपड्यांना घालायची नीळ आणि मुलीची जुनी वही.

वहीच्या कोऱ्या कागदाच्या दोन बोटे रुंद पट्ट्या कापा. पाच झाडे निवडा. प्रत्येक झाडावर वर, मध्ये आणि खाली, अशा तीन ठिकाणी पानाच्या वरच्या अंगाला एक आणि पाठीला एक पट्टी टाचणीने लावा. फवारणाऱ्याच्या छातीवर, मांडीवर, पाठीवर आणि तोंडावरच्या फडक्यावरही एकेक पट्टी लावा. विकणाऱ्याला शेतात बोलवा. टाकी धुतलेली असावी, तिच्यात औषधाचा थेंबही नको, फक्त पाणी आणि नीळ. एकाच चालीने तीन वेळा फवारा, आधी तुमच्या जुन्या पंपाने, मग नव्या पंपाने विजेचे बटण बंद ठेवून, शेवटी बटण चालू करून. दर वेळी पट्ट्या बदला आणि कुठली कुठे होती ते मागे लिहून ठेवा. किती ओळींना किती पाणी लागले तेही मोजा.

संध्याकाळी पट्ट्या ओसरीवर मांडा आणि घरातल्या सगळ्यांनी पाहा. बटण चालू असताना पानाच्या पाठीवर निळे ठिपके स्पष्ट वाढले असतील, मधल्या आणि खालच्या पानांवरही पोहोचले असतील, आणि माणसाच्या छातीवरची पट्टी जुन्या पंपापेक्षा स्वच्छ असेल, तर यंत्र तुमच्या शेतात काम करते. बटण चालू आणि बंद यांत काही फरकच दिसत नसेल, तर तुम्ही केवळ एका नावाचे पैसे देत आहात. आणि छातीची पट्टी निळी झाली असेल, तर बाकीचे सगळे चांगले असूनही ते यंत्र त्या रूपात घरात येऊ देऊ नका. विकणारा ही परीक्षा द्यायला तयारच नसेल, तर उत्तर त्यानेच दिले.

माझे मत विचाराल तर चार एकर कोरडवाहूसाठी एकट्याने असा पंप घेण्याची घाई करू नये. भाजीपाला असेल, फळबाग असेल, जायकवाडीच्या किंवा लोअर दुधनाच्या पाण्यावर बारमाही पिके असतील, तर पाच-सहा घरांनी किंवा बचत गटाने मिळून घ्यावा, एकाने नीट शिकून घ्यावे आणि दुरुस्ती जवळ होत असेल तरच घ्यावा. तोपर्यंत जुन्या पंपाची गळती बंद करा, झिजलेले नोझल बदला. नोझल स्वस्त असते, पण झिजलेले नोझल हंगामभर महागाचे औषध मातीत घालते. नळी पानांच्या खालून वर धरा, म्हणजे पाठ भिजेल. पानामागे सरासरी दोन-तीन तुडतुडे दिसल्याशिवाय त्यांच्यासाठी टाकी भरू नका. सगळी भिस्त पंपावर टाकायची नसते, हे परभणीला सांगायला नको. भेंडीवरचा पिवळा रोग पांढरी माशी पसरवते. त्यावर आपल्या कृषी विद्यापीठाने रोगाला दाद न देणाऱ्या ‘परभणी क्रांती’ या वाणाचे उत्तर शोधले आणि आपल्या गावाचे नाव देशभर गेले. कधी कधी बियाणे पंपाचे काम वाचवते.

आणि ताई, दुधाच्या पैशांतून आज काही घ्यायचेच असेल तर लांब बाह्यांचा जाड सदरा, रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा आणि नीट बसणारा मुखवटा घ्या. गमछा बांधून भागत नाही. तो भिजला की औषध तोंडाशीच धरून ठेवतो. मालकांना सांगा, वारा आपल्याकडून पिकाकडे असावा, फवारलेल्या ओळीत शिरू नये, मध्येच तंबाखू-विडी नको, द्रावण काठीने ढवळावे. पाणी तुम्ही आणून देता, तेव्हा तुम्हीही दूर उभ्या राहा. पोटुशी किंवा अंगावर पाजणारी बाई आणि लहान मुले त्या बाजूला नकोत. परत आल्यावर आधी साबणाने अंघोळ, मग घरात पाऊल. ते कपडे मोजे घालून वेगळे धुवा, वेगळे वाळवा, मुलांच्या कपड्यांत मिसळू नका. रिकामा डबा भोक पाडून टाकून द्या, तो घरात धान्याला किंवा पाण्याला येता कामा नये. डब्यावर लाल त्रिकोण असेल तर ते सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. घरातल्या सर्वांना हे रंग माहीत असावेत.

आणि तरीही कोणाला चक्कर आली, लाळ गळू लागली, डोळ्यांपुढे धुरकट झाले, तर दही-लिंबात वेळ घालवू नका. शेताबाहेर आणा, कपडे काढा, अंग साबणाने धुवा, १०८ ला गाडीसाठी फोन करा आणि औषधाचा डबा किंवा त्यावरचे कागद बरोबर न्या. आमच्या आईचे दोन तास तुमच्या घरी कोणाचे जाऊ नयेत.

कोणी निळेची परीक्षा घेतलीच तर काय दिसले ते आम्हाला अवश्य कळवा. यंत्र चांगले निघाले तरी कळवा, वाईट निघाले तरी कळवा. ज्याच्या शेतात पट्ट्या लागतील त्याचा अनुभव इतरांच्या उपयोगी पडेल.

पुढच्या आठवड्यात कापूस वेचणीच्या तयारीविषयी बोलू. तोपर्यंत रामराम.